पाठमोरी धार

गेल्या महिन्यात एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या गृहस्थांनी मला कोपराने ढोसून विचारलं, “काय ओ मास्तर, पोरांना लेथ शिकवताव म्हणे? धंदा बसला का काय?”

गृहस्थ प्रतिष्ठित. टॉवेलचा कारखाना, दोन मुलगे पुण्यात. पानातली शेंगाची चटणी संपायच्या आत त्यांनी माझ्या शिकवण्याचा निकाल लावून टाकला. लाकूड कातणं ही शिकवायची गोष्टच नाही, बघून बघून ते हाताला येतं. शिकवलंच, तर उद्या तीच पोरं समोरच्या गाळ्यात दुकान थाटतील. तसंही आता कॉम्प्युटरवर चालणारी मशीन आलीत, हात कोण विचारतो? शिवाय फिरत्या लेथवर कुणाचं बोट गेलं तर जबाबदार कोण? आणि शिकलेल्या घरातल्या पोरांना हे हवंय कशाला, ज्याला काही जमत नाही त्याने करायचं काम ते! एवढं झाल्यावर जिलेबीचा तुकडा मोडत त्यांनी शेवटचं सांगितलं, “आणि शिकवायचंच असंल तर समाजसेवा म्हणून शिकवा की ओ. पैसे कसले घेताव?”

मी गप्प बसलो. जेवताना वाद घातला तर अन्न अंगी लागत नाही, असं आमची आई म्हणायची. आता हात धुऊन झालेत, म्हणून बोलतो. त्या एका गृहस्थांना उत्तर द्यावं म्हणून नव्हे. हीच सहा वाक्यं मी पालकांकडून, मुख्याध्यापकांकडून, धंद्यातल्या माणसांकडून इतक्या वेळा ऐकली आहेत, की कुठलं वाक्य कुठल्या वाक्यानंतर येणार तेही मला पाठ झालंय.

आधी आपल्या भाषेची एक गंमत बघा. सुंदर नाकाला मराठी माणूस ‘कातीव’ म्हणतो. बांधा कातीव, कविता कातीव. हा शब्द आला तो लाकूड कातण्यावरून. लाकूड फिरवत ठेवून त्याला पटाशीने आकार देणाऱ्या माणसाला मराठीत कातारी म्हणतात. आमच्या सोलापुरात निम्मे लोक खरादी म्हणतात. विशेषण आपण वरच्या माळ्यावर नेऊन ठेवलं आणि ज्याच्या हातून ते आलं तो कातारी जिन्याखाली राहिला. आज दहावीच्या वर्गात विचारा, कातारी म्हणजे कोण? मी विचारतो. बहुतेक वेळा उत्तर येतं, “आडनाव.”

आता पहिला मुद्दा. म्हणे, बघून येतं.

मी कसा शिकलो ते सांगतो. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली आणि मी एका उस्तादांच्या दुकानात झाडू मारायला लागलो. दुकानाचं नाव सांगत नाही. उस्ताद आता नाहीत आणि त्यांचं माझ्यावर ऋण आहे. तीन वर्षं मी बघत होतो. पलंगाचे पाय, देव्हाऱ्याचे खांब, लाटणी, पांगुळगाड्याची चाकं, सगळं डोळ्यांसमोर कातलं जात होतं. पण पटाशीला धार लावायची वेळ आली की उस्ताद सहाणेकडे तोंड करायचे आणि आमच्याकडे पाठ. तीन वर्षांत मी त्यांची पाठ इतक्या बारकाईने पाहिली की सदऱ्याची शिवण अजून आठवते. धार मात्र दिसली नाही.

बघून येत असतं तर त्यांना पाठ फिरवायची गरज काय होती? जी गोष्ट लपवावी लागते ती शिकवता येते, याचा याहून मोठा पुरावा कुठला?

आणि समोर तोंड करून कुणी काम केलं, तरी बघणाऱ्याला दिसतं काय? लाकूड फिरतंय, लांब साल निघतेय, माणूस आरामात उभा आहे. दिसत नाही ते हे, की पटाशीची धार लाकडाला लागायच्या आधी धारेमागचा उतार लाकडावर टेकलेला असतो. उतार टेकवायचा, मग मूठ हळूच उचलायची. साल निघायला लागली की तिथेच थांबायचं. हे न कळता नुसती धार पुढे घातली, तर पटाशी लाकडात अडकते, झटका बसतो, लाकूड फाटतं आणि नवशिक्याला वाटतं आपल्याला हे जमणारं नाही. लाटण्यावर हात चालवायचा तो जाडीकडून बारकीकडे, कारण उलट गेलं की लाकडाची रेषा उचकटते. माझ्या उमेदवारीतलं एक अख्खं वर्ष या एका वाक्याच्या अभावी वाया गेलं. आज तेच वाक्य मी पहिल्या दिवशी दुपारी, चहाच्या आधी सांगतो.

मग सराव लागत नाही का? लागतो की. वाक्य सांगून हात तयार होत नाही, शंभर लाटणी बिघडवावीच लागतात. पण शंभर लाटणी कशामुळे बिघडली हे कळणं वेगळं आणि नुसती बिघडत राहणं वेगळं. सोलापूरकराला हे मी सांगावं? दर वर्षी संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. त्या उंच काठीचा भार कमरेवर पेलून तोल सांभाळत चालायचं म्हणजे खेळ नव्हे. गड्ड्याची ही जत्रा भरायच्या कितीतरी आधीपासून त्याचा सराव सुरू होतो, जाणती माणसं नव्या पोरांना उभं कसं राहायचं, पट्टा कुठे घ्यायचा, नजर कुठे ठेवायची हे शिकवतात. लहानपणापासून बघतोयस ना, मग उचल, असं तिथे कुणी म्हणतं का? देवाच्या काठीला शिकवणी लागते आणि पोटाच्या पटाशीला लागत नाही, हे कुठलं शास्त्र?

दुसरा मुद्दा धंद्याचा. शिकवलं की प्रतिस्पर्धी तयार होतो.

या शहरात राहून हे म्हणायला धाडस लागतं. १८७७ साली आमची जुनी मिल सुरू झाली. पुढे तिच्या मागोमाग आणखी गिरण्या आल्या, भोंग्यावर शहर उठू-झोपू लागलं. त्या भोंग्यांपैकी आज किती वाजतात? ते बंद पडले, ते कामगारांनी शेजारच्या पोराला साचा चालवायला शिकवला म्हणून? तेलंगणातून आलेल्या विणकर कुटुंबांनी घराघरांत माग घातले, भाऊबंदांना बोलावलं, गल्लीच्या गल्ली विणायला शिकली. त्याने सोलापूरची चादर बुडाली की नावारूपाला आली? त्या चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं ते एका घराने गुपित जपलं म्हणून नव्हे, हजारो हातांना एकच काम येत होतं म्हणून. आणि आज त्या चादरीला जो खरा त्रास आहे तो तिच्या नावावर बाहेर बनवून खपवल्या जाणाऱ्या मालाचा आहे. शिकाऊ पोरांचा नाही.

कातकामाचंही तेच. एके काळी मागावरच्या कांड्या लाकडाच्या असत, कातलेल्या. कातारी माणसाला ते बारमाही काम होतं. प्लॅस्टिकच्या कांड्या आल्या आणि ते गेलं. पलंगाचे कातीव पाय गेले ते प्लायवूडच्या पेटीपलंगामुळे. पांगुळगाडा गेला तो रंगीत प्लॅस्टिकच्या वॉकरमुळे. या सगळ्यात माझा एकही विद्यार्थी सामील नव्हता, अशी मी जबानी द्यायला तयार आहे. ज्यांनी धंदा नेला त्यांना आम्ही काहीच शिकवलं नव्हतं, आणि ज्यांना शिकवायला घाबरतोय त्यांनी काहीच नेलेलं नाही. प्रतिस्पर्धी समोरच्या गाळ्यात आला तर मला आनंदच होईल. निदान दोन दुकानं दिसल्यावर गिऱ्हाइकाला कळेल की हा बाजार अजून चालू आहे. एकुलत्या एका दुकानाला लोक बाजार म्हणत नाहीत.

गुपित जपल्याने काय होतं ते माझ्या उस्तादांना विचारता आलं असतं तर बरं झालं असतं. लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून, घर्षणाच्या उष्णतेने वितळवून, वरून पान घासून ते जी झिलई आणत, ती मला आजही तशी आणता येत नाही. ती त्यांनी कुणाला सांगितली नाही. मुलगा दुसऱ्या धंद्यात गेला. उस्ताद गेले आणि झिलईही गेली. प्रतिस्पर्धी एकही निर्माण झाला नाही, हे मात्र खरं!

याच्या उलट गोष्ट आपल्याच राज्यात आहे. सावंतवाडी लाकडी फळांसाठी आणि खेळण्यांसाठी सगळ्यांना माहीत आहे. तिथली गंजिफा, म्हणजे लाखेचा लेप दिलेले, हाताने रंगवलेले गोल पत्ते, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला संपल्यात जमा होती. ती जाणणारे पुंडलिक चितारी तेव्हा म्हातारे झाले होते. सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी त्यांच्याकडून ती कला शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारागिरांना बसवून पुढे शिकवली. म्हणूनच आज गंजिफा पाहायची तर संग्रहालयाच्या काचेत डोकवावं लागत नाही. एका म्हाताऱ्या चिताऱ्याने आपल्या घरातल्या नसलेल्या, जातीतल्या नसलेल्या माणसांना हात दाखवला. त्याने पाठ फिरवली असती तर?

जगात हे भांडण जुनंच आहे. लंडनच्या कातारी लोकांच्या संघाला १६०४ साली राजाची सनद मिळाली. अशा संघांचं एक मोठं काम म्हणजे धंद्यात कोण येणार ते ठरवणं. तोच संघ आज नवशिक्यांना शिकण्यासाठी पैशाची मदत करतो. चारशे वर्षांत त्यांना काहीतरी कळलं असावं. १७०१ साली शार्ल प्लुमिये नावाच्या फ्रेंच साधूने कातकामावर जाडजूड ग्रंथ छापला, आकृत्यांसह. तोवर दुकानाच्या भिंतीआड राहिलेलं त्याने कागदावर मांडलं. धंदा बुडवला म्हणून त्याच्या नावाने कुणी खडे फोडले की नाही, कोण जाणे. तो वनस्पतींचाही अभ्यासक होता आणि त्याचं नाव एका झाडाला दिलं गेलं. देवळाच्या आवारातला पांढरा चाफा असतो ना, शास्त्राच्या पुस्तकात त्याचं नाव प्लुमेरिया. तेव्हा सांगून टाकणाऱ्या कातारी माणसाच्या नावाचं फूल आपण रोज देवाला वाहतो, एवढं तरी लक्षात असू द्या.

तिसरा मुद्दा मशीनचा. तो सगळ्यात आधुनिक दिसतो आणि सगळ्यात पोकळ आहे.

एकसारखी पाचशे लाटणी हवी असतील तर मशीन घ्या. मी स्वतः तेच सांगेन. पण जुन्या वाड्याच्या जिन्याचे बारा कठडेखांब आहेत, त्यांतला एक वाळवीने खाल्ला, आणि मालकाला त्याच्या जागी तसाच नवा हवाय. त्याचा नकाशा कुठल्या मशीनमध्ये आहे? तो नकाशा उरलेल्या अकरा खांबांत आहे. पुन्हा ते अकराही एकसारखे नसतात, कारण ते हाताने कातलेले. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात. तिथल्या भजनातल्या पखवाजाचं खोड घडवताना कुठे गाठ आहे, कुठे चीर पळतेय, हे लाकूड आवाजावरून सांगतं. बाभळीचा तुकडा ओला आहे की वाळला हे हातात घेऊन कळावं लागतं. ओला कातला तर सोलापूरचा उन्हाळा तो चैत्र संपायच्या आत तडकवतो. जाडीच्या दर इंचाला साधारण वर्षभर लाकूड वाळवायचं, हा हिशेब मशीनला भरवावा लागतो. भरवणारा कोण? आणि ज्याने जन्मात लाकडाला हात लावला नाही तो काय भरवणार?

मशीन आलं म्हणून हात शिकवू नका, हा युक्तिवाद कॅल्क्युलेटर आलं म्हणून पाढे शिकवू नका, असं म्हणण्यासारखा आहे. आणि गंमत अशी की असं म्हणणारे गृहस्थ स्वतःच्या नातवाला पाढ्यांच्या खास क्लासला घालतात, महिन्याची फी आगाऊ भरून.

चौथा मुद्दा बोटांचा. इथे मी थट्टा करणार नाही, कारण भीती खोटी नाही. लेथची मोटर मिनिटाला १४०० फेरे घेते असं धरा. त्यावर पाच सेंटिमीटर जाडीचं लाटणं लावलं तर त्याचा पृष्ठभाग ताशी सुमारे १३ किलोमीटर वेगाने पळतो. सायकल चालवावी तसा. त्याच फेऱ्यांवर तीस सेंटिमीटर व्यासाची परात लावलीत तर तिची कड ताशी सुमारे ७९ किलोमीटरने धावते. पुणे रस्त्यावरची मोटारगाडी. फेरे तेच, बटण तेच, आवाजही जवळपास तोच. फरक फक्त कळणाऱ्यालाच कळतो.

आता सांगा, हे ‘बघून’ कसं कळणार? धोका आहे म्हणूनच तर शिकवायचं. बाही वर, ओढणी काढून ठेव, केस बांध, डोळ्यांवर चष्मा. हातमोजे अजिबात नकोत, कारण फिरतं लाकूड मोज्यासकट हात ओढतं. पटाशीचा टेकू लाकडाच्या अगदी जवळ घे, मग हाताने एक फेरा फिरवून बघ कुठे लागतंय का, मग बटण. माप घ्यायचं तर आधी लेथ थांबव. काचपेपर लावायचा तर टेकू बाजूला काढ. पहिल्या दिवशी मुलांच्या हातात मी पटाशी देतच नाही. ही यादी देतो, आणि ती न अडखळता म्हणून दाखवेपर्यंत मोटरची पिन माझ्या खिशात असते.

आणि ज्या शहरात आठवीतला मुलगा दोन मित्रांना मागे बसवून वडिलांची मोटारसायकल सात रस्त्यातून पळवतो, त्या शहराने मला बोटांची काळजी सांगावी? मोटारसायकलची किल्ली देताना कुणी चष्मा लाव म्हणालं होतं?

पाचव्या मुद्द्यापाशी मात्र मला राग येतो. ज्याला काही जमत नाही त्याचं काम.

या वाक्याचं भाषांतर करायची गरज आहे. त्याचा अर्थ आहे: सुताराच्या पोराने करावं. जातीचं नाव घ्यायची आता लाज वाटते, म्हणून आपण टक्केवारीचं नाव घेतो. ‘शिकला नाहीस तर हातोडी धरावी लागेल’ ही धमकी ज्या घरात दिली जाते, त्या घरात दाराला बिजागरी बसवायला कोण येतो? तो मुलगा ती धमकी ऐकून वाढलेला असतो, फक्त पलीकडच्या बाजूने.

इथे एक आक्षेप असा आहे, जो पंगतीतल्या गृहस्थांनी घेतला नाही, पण घ्यायला हवा होता, आणि त्यापुढे मी मान झुकवतो. हातकाम शिकवण्याच्या नावाखाली पोरांना बापाच्या धंद्यात कोंडायचा डाव या देशात झालेला आहे. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी योजना आणली: अर्धा दिवस शाळा, उरलेला वेळ घरचा धंदा. लोकांनी तिला कुलशिक्षण म्हणून हिणवलं, आंदोलनं केली, आणि १९५४ साली ती मागे घ्यावी लागली. बरोबर केलं. चांभाराच्या पोराला चामडं आणि वकिलाच्या पोराला पुस्तक, याला शिक्षण म्हणत नाहीत.

पण त्यावरचा उपाय हातकाम बंद करणं नाही. उपाय आहे तो सगळ्यांना शिकवणं. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेतून आणि झाकीर हुसेन समितीतून नई तालीमची कल्पना पुढे आली, ती प्रत्येक मुलासाठी होती. सूत कातणं-विणणं, सुतारकाम, शेती, ज्या त्या ठिकाणी जे शक्य ते. आणि एक विचारतो: कुणाचं पोर कुणाचा धंदा शिकेल ही भिंत तोडायला वर्गाइतकी चांगली जागा दुसरी कुठली? दुकानात उस्तादाचा मुलगा शिकतो, फार तर पुतण्या. मुलगी तर नाहीच. वर्गात मात्र विणकर पद्मशाली घरातली मुलगी, वकिलाचा मुलगा आणि मोहल्ल्यातला गॅरेजवाल्याचा पोरगा एकाच लेथसमोर रांगेत उभे राहतात, आणि लाकूड तिघांनाही सारखाच झटका देतं. लाकडाला आडनाव कळत नाही.

राहिलं ‘शिकलेल्यांना उपयोग काय’ हे. रशियाचा सम्राट पीटर स्वतः लेथवर उभा राहून लाकूड आणि हस्तिदंत कातत असे. त्याच्या पदरी आंद्रेई नार्तोव्ह नावाचा निष्णात कातारी होता. पीटरला दुसरं काही जमत नव्हतं, असं म्हणायचंय का तुम्हाला?

आता शेवटचा मुद्दा. पैशांचा. पाचही मुद्द्यांत गृहस्थांनी सिद्ध केलं की माझ्या शिकवण्याला कवडीचीही किंमत नाही. सहाव्यात सांगितलं की ते इतकं पवित्र आहे, की त्याची किंमत घेणं पाप. एका पानावर दोन्ही पदार्थ कसे वाढता?

मला शाळांची बोलावणी येतात. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना घालवायचे म्हटलंय, सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्याकडे प्रत्यक्ष काम शिकत. त्याच धोरणात स्थानिक जाणकारांना शाळेत शिकवायला नेमावं असंही लिहिलंय. छान लिहिलंय. प्रत्यक्षात काय होतं? एक दिवस बोलावतात, सभागृहात बसवतात, दोनशे मुलांसमोर ‘दोन शब्द’ बोलायला सांगतात. मग शाल, टॉवेल, टोपी आणि नारळ. माझ्या घरी आता इतके टॉवेल झालेत की मीच विकायला बसलो तर पंगतीतल्या गृहस्थांना खरोखर प्रतिस्पर्धी मिळेल. त्या दिवसाची मजुरी बुडाली ती बुडालीच. गणिताच्या सरांना महिन्याच्या शेवटी कुणी नारळ देत नाही.

सरकारी कागदावर तरी कातारी कुठे आहे? आयटीआयमध्ये ‘टर्नर’ नावाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. लाकडाचं नाव घेऊन आत गेलात तर परत पाठवतील, तो टर्नर लोखंड कातणारा. १७ सप्टेंबर २०२३ला विश्वकर्मा योजना सुरू झाली. १८ धंद्यांची यादी आहे, सुतार आहे, खेळणी करणारा आहे, कातारी वेगळा नाही. तरी त्या योजनेतली एक गोष्ट मला पटते: शिकायला येणाऱ्या कारागिराला दिवसाला ५०० रुपये मिळतात. म्हणजे सरकारलाही कळलं की कारागिराचा दिवस फुकट नसतो. शिकणाऱ्याचा दिवस फुकट नाही, मग शिकवणाऱ्याचाच तेवढा फुकट का?

“शिकवायचं तर शिक्षक शिकवतील, तुम्ही आपलं काम करा,” असंही काही जण समजुतीच्या सुरात सांगतात. शिकवू देत की. पण जो स्वतः लाटणी विकून घर चालवत नाही तो मुलांना हे कसं सांगणार, की एक लाटणं किती मिनिटांत उतरलं तर परवडतं, गिऱ्हाईक हातात घेऊन पहिल्यांदा कुठे बोट फिरवतं, कुठली गाठ चालते आणि कुठली परत येते? आमच्या भागात भाकरी थापतात, लाटणं लागतं ते पोळीला आणि सणाच्या पुरणाला. म्हणून इथलं लाटणं कसं असावं हे बाई पोळीवर वाकते तेव्हा तिच्या मनगटाकडे बघून ठरतं. हे बी.एड.च्या पुस्तकात कुठल्या पानावर आहे? पोट ज्याचं त्या कामावर चालतं त्याच्याकडेच हे ज्ञान असतं, आणि म्हणूनच शिकवायचं तेही त्यानेच. कामाच्या दराने, कामाच्या प्रतिष्ठेने.

तेव्हा गृहस्थहो, मी शिकवतो ते धंदा बसला म्हणून नव्हे. धंदा पुढे चालावा म्हणून शिकवतो. शिकवणं हा माझ्या कामातून उरलेल्या वेळाचा उद्योग नाही; लाकूड निवडणं, धार लावणं, कातणं, झिलई देणं, तसंच ते कामातलंच एक काम आहे. जो कारागीर ते करत नाही त्याने आपलं काम पुरतं केलं नाही, मग त्याचा हात कितीही कातीव असो. माझ्या उस्तादांनाही मी हेच म्हणतो, ऋण मानून म्हणतो. त्यांनी मला पोटापुरतं दिलं. उरलेलं घेऊन ते गेले आणि ते आता कुणाचंच नाही.

पुढच्या शनिवारी दुपारी सात मुलं येणार आहेत. त्यांत तीन मुली आहेत. फी ठरलेली आहे, ज्याला परवडत नाही त्याने दुकानात तेवढे तास काम करायचं, असाही रस्ता ठेवलाय. बटण दाबायच्या आधी सगळ्यांसमोर पटाशीला धार लावायची आहे. सहाण मी भिंतीकडून काढून दुकानाच्या मधोमध आणून ठेवलीय. धार लावताना माझं तोंड मुलांकडे असेल.